तेलाला दाखवलेला धूप

मला हिंदुस्थानी उत्तम बोलता येतं, अशी माझी लहानपणापासून ठाम समजूत होती. लग्न होऊन देवासला आले तेव्हा रुखवताबरोबर ही समजूतही घेऊन आले. माझं माहेर धारचं. वडील संस्थानच्या नोकरीत, घरात बोलणं सगळं मराठी, आणि अंगणात धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांचं सगळं माळवी. "छोरी, तावड़ा में मत फिर," असं त्या मला ओरडायच्या, म्हणजे उन्हात हिंडू नकोस. तेव्हा इकडे उन्हाला 'तावडा' म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढची सगळी फजिती या एवढ्याशा पक्क्या ज्ञानातून झाली.

देवास संस्थानाच्या वाटणीच्या दोन पाती, त्यांतल्या थोरल्या पातीत आमचं घर. रस्ता ओलांडला की धाकटी पाती, म्हणजे महाराज दुसरे, कचेरी दुसरी, शिपायांचे पट्टेसुद्धा दुसरे. घरात माणसं मोजकी. सासरे, सासूबाई, शाळेत मास्तर असलेले आमचे हे, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. दहाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं. टोंकखुर्दला सासरी दिराच्या घरी बरीच वर्षं राबून काढली, मग सासऱ्यांनी त्यांना देवासला आणलं. मी आले तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. अंगावर लाल आलवण, आणि सगळा दिवस देवघर ते चूल, चूल ते देवघर. पण तोंड असं तिखट आणि असं हसवणारं की विचारू नका. मला मुळात हसू फार, आणि एकदा सुरू झालं की थांबता थांबत नाही. सासूबाई म्हणायच्या, "या दोघी जवळ बसल्या की पोळी करपलीच म्हणून समजा."

आत्याबाईंना वेड होतं ते वासाचं. देवाच्या फुलांचा वास घ्यायचा नसतो, म्हणून हार करताना त्या श्वास रोखून धरायच्या, आणि हार झाला की परसात जाऊन स्वतःचे हात हुंगत बसायच्या. मी एकदा पकडलं तर म्हणाल्या, "फुलं देवाची गं, हात माझेच आहेत ना?" मी हसून हसून विहिरीच्या कठड्याला टेकले.

दिल्लीला दरबार भरला होता, त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं व्हायचं. दोन्ही पातींतल्या बायका यायच्या. त्यांच्या हाताला लावायला अत्तर हवं, म्हणून दरवर्षी एक गंधी यायचा. लखनौकडचा म्हातारा, पांढरी दाढी, लाकडी पेटीत कुप्याच कुप्या. सासूबाई दाराच्या आत बसायच्या. त्यांचं सगळं बालपण वाईचं, हिंदुस्थानीशी त्यांचं कधी जमलंच नाही. त्यामुळे दुभाषी मी. मी असा काही पदर सावरून पुढे सरसावले म्हणता! त्यानं एक कुपी उघडली. मी हुंगली आणि ऐटीत म्हटलं, "इसको तो वास ही नहीं आता."

म्हाताऱ्यानं कानाला हात लावले. "तौबा, बहूजी! हमारे माल में बास क्यों आएगी?"

तिकडे बास म्हणजे घाण, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, चांगला माणूस आहे, चूक कबूल करतोय. खरं म्हणजे तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय उगीच?

शेवटी त्यानं मोगऱ्याच्या तेलाची एक मोठी कुपी दिली. तेलात कळ्या बुडवलेल्या होत्या, ताज्याच. तेल अजून तयार व्हायचं होतं. तो म्हणाला, "बहूजी, इसको सात दिन धूप दिखाना. फिर देखना, खुशबू कैसे खिलती है."

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"सात दिवस धूप दाखवायला सांगतोय," मी म्हटलं. यात अवघड ते काय? शब्द न् शब्द मराठीच होता. देवाला दाखवतो तसा धूप दाखवायचा.

"बरं, दाखवा मग," असं म्हणून सासूबाई दुसऱ्याच दिवशी हाटपिपल्याला भाचीच्या बारशाला गेल्या, त्या आठ दिवसांनी यायच्या होत्या. कुपी माझ्या आणि आत्याबाईंच्या ताब्यात राहिली.

त्या दुपारी आत्याबाई कुपी हातात घेऊन किती तरी वेळ बसल्या होत्या. बूच काढत नव्हत्या, नुसती फिरवत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "एक मागू? हसणार नाहीस ना?"

हसणार नाही असं मी कधीच सांगू शकत नसे, पण त्यांचा चेहरा पाहून म्हटलं, "मागा."

"हे तयार झालं की एक थेंब मला ठेव. मरायच्या आधी एकदा तरी माझ्या अंगाला चांगला वास यावा, एवढंच बघ. दरवर्षी इथं चाळीस बायका येतात, वहिनी प्रत्येकीला म्हणतात, हात पुढे करा. मी आत डाळ वाटत असते, मला सगळं ऐकू येतं. मला आजवर तीर्थासाठी सोडून कुणी हात पुढे करा म्हटलेलं नाही."

मला हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, "एक का, दहा थेंब ठेवते!"

"दहा नको गं बाई. मोगरा लपत नाही. आलवणातल्या बाईच्या अंगाला मोगरा आला, तर तासाभरात दोन्ही पातींत कळेल. दादाला कळलं तर तो मला पुन्हा टोंकखुर्दला दिराकडे धाडील. तिथं परत गेले तर मी जगायची नाही." हे त्या सहज बोलल्या, चिंच भिजत घातली म्हणून सांगावं तसं. पण मी शब्द देऊन बसले होते. कसं करायचं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही धूप दाखवायला लागलो. पहिली अडचण अशी की कुपीचं तोंड करंगळीएवढं, त्यात धूर शिरेना. मग आत्याबाईंनी तेल कळ्यांसकट एका पसरट काशाच्या वाडग्यात ओतलं. शेजारी धुपाटणं ठेवलं, आणि दोन्हीवर बाळंतिणीला धुरी देतात ती टोपली पालथी घालून वर ओला पंचा टाकला. "धूप दाखवायचं मला कोण शिकवणार? जन्मभर दुसरं केलंय काय?" असं म्हणाल्या, आणि खरंच, काय तो हात! निखारा किती, ऊद किती, गुग्गुळ कधी, राळ किती चिमटी, सगळं बोटांना माहीत. सकाळी पूजेनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला. टोपलीच्या भोकांतून धूर निघून माजघरभर पसरायचा. रस्त्यापलीकडून, म्हणजे धाकट्या पातीतून, एक भिया, म्हणजे इकडचा भैया, ओरडत आला, "अरे भिया, किधर आग लगी?" आम्ही दोघी टोपलीशी तोंडात पदर कोंबून बसलो होतो.

चौथ्या दिवशी ऊद संपला. सासूबाई नाहीत, सासऱ्यांकडे मागायची सोय नाही. तेव्हा आत्याबाई उठल्या आणि देवघराच्या फळीवरून एक पितळी डबा घेऊन आल्या. मी तो रोज पाहायची, मला वाटायचं त्यात वाती असतील. उघडला तर आत पुरचुंड्याच पुरचुंड्या. नागरमोथा, वाळ्याच्या मुळ्या, कचोरा, जटामांसी, देवदाराचा भुगा, सहाणेवर झिजून झिजून सुपारीएवढं उरलेलं चंदनाचं खोड, आणि गेल्या चैत्रातला दवणा, वाळून हातात घेताच पीठ होणारा. इतकी वर्षं देवाच्या नावावर त्यांनी एकेक वास साठवून ठेवला होता.

"हे सगळं देवाचं?" मी विचारलं.

"कागदोपत्री," आत्याबाई म्हणाल्या.

झालं! मी जी हसायला लागले ती टोपलीवरच पडले. टोपली कलली, दवण्याची अख्खी पुरचुंडी वाडग्यात सांडली, मागोमाग देवदाराचा भुगाही गेला. आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "राहू दे आता. देवाच्या मनात असेल." उरलेले तीन दिवस आम्ही ते तसंच धुपवलं. मोगऱ्याच्या कळ्या काळ्या ठिक्कर पडल्या. तेल मधासारखं झालं. सातव्या दिवशी आत्याबाईंनी ते फडक्यातून गाळून पुन्हा कुपीत भरलं.

आठव्या दिवशी सकाळी सासूबाई परतल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गंधी दारात हजर. माल कसा झाला ते पाहायला आला होता.

"क्यों बहूजी, धूप दिखाई?"

"दिखाया," मी म्हटलं. त्यानं 'दिखाई' म्हटलेलं ऐकून मला त्याचीच कीव आली, एवढा म्हातारा झाला तरी धूप धड बोलता येत नाही.

"कितनी देर?"

"सुबह और शाम. पूजा के बाद."

"सुबह-शाम?" तो गोंधळला. "दोपहर में क्यों नहीं?"

आता मात्र मला राग आला. "दोपहर में कौन धूप दिखाता है? दोपहर में भगवान सोते हैं!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं, मग बोट उन्हाकडे करून अगदी हळू म्हणाला, "बहूजी, यह... यह धूप."

अंगणात चैत्राचं ऊन असं रखरखत पडलं होतं. मी उन्हाकडे पाहिलं. आत्याबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी उन्हाकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि आमच्या मोलकरणीनं भांडी घासता घासता मान वर करून सगळ्यांचं समाधान केलं, "तावड़ो, बाई! तावड़ा ने यो धूप के!" म्हणजे उन्हालाच हा धूप म्हणतो.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सासूबाईंनी कुपीचं बूच काढून हुंगलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "वा! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. ही म्हण आजवर नुसती ऐकली होती, आज सूनबाईंनी करून दाखवली." आणि मला, मेलीला, त्यावरही हसू आलं. दाराआडून आत्याबाईंचं फिस्स्‌ ऐकू आलं, मग तर मी गेलेच.

गंधी मात्र हसला नाही. त्यानं कुपी मागून घेतली, बुचाची कड आपल्या मनगटाला लावली, डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. पुन्हा. मग विचारलं, "यह किसने बनाया?" मी दाराकडे बोट दाखवलं. आलवणाचा काठ दिसला तसा तो उठून उभा राहिला आणि दाराकडे मान लववून म्हणाला, "मोगरा तो मर गया, माँजी. मगर जो बना है, इसे फेंकना मत."

मी ते पहिल्यांदा नीट हुंगलं तेव्हा. सांगते कसा वास होता. आधी धूर, पण जळका नव्हे, आरती होऊन गेल्यावर गाभाऱ्यात राहतो तो. मग कोरडं लाकूड, देवदाराचं आणि चंदनाचं. आणि सगळ्यांत शेवटी, बऱ्याच वेळानं, धुळीनं भरलेल्या रस्त्यावर कुणी दवणा चुरगळून टाकावा तसा कडवट, हिरवा, गोड. मी मनगटाला लावलं आणि दिवसभर कामं सोडून मनगट हुंगत फिरले. संध्याकाळी हे शाळेतून आले. मी लाजत लाजत हात पुढे केला. यांनी हुंगलं, चपला काढल्या आणि मला हात जोडले. म्हणाले, "प्रदक्षिणा कुठून घालू?" इश्श! दोन दिवस मी बोलले नाही यांच्याशी. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "ते देवळाचं तेल संपलं का गं?" मग बोलले.

सासूबाईंनी हळदीकुंकवाला गुलाबाचं अत्तर घेतलं. आमची कुपी पाहून म्हणाल्या, "ही ओता समईत. काय दिवे लावायचे ते लावा." आत्याबाई गरिबासारखं तोंड करून म्हणाल्या, "देवाच्या दिव्याला मीच वापरीन, वहिनी." आणि कुपी देवघराच्या फळीवर गेली.

हळदीकुंकवाच्या दुपारी माजघरात बायकांचा हा गजबजाट. गुलाबाचा घमघमाट, आंब्याची डाळ, पन्हं. मी पन्ह्याची तपेली घ्यायला आत गेले तर आत्याबाई कुपी घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "द्या, मी लावते."

"तू नको," त्या म्हणाल्या. "उद्या काही झालं तर तुझ्यावर बोट नको. माझं मी लावते." असं म्हणून त्यांनी स्वतःच बोट बुडवलं, आलवण जरा सारलं आणि कानामागे टेकवलं. बस, एवढंच. मग डोळे मिटून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. पन्हं न्यायला आलेल्या मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटली.

तेवढ्यात एक जाडजूड बाई पाणी मागायला आत आली. ती आत्याबाईंच्या जवळ गेली, थबकली, नाक फुगवून एक लांब श्वास घेतला. मग चक्क वाकून नमस्कार केला! "आत्याबाई, धन्य आहे हो तुमची. किती ते सोवळं, किती ती पूजाअर्चा! अंगालाच देवघराचा वास येतो!"

आत्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "चालायचंच. नेम आहे रोजचा."

मी तपेली तिथंच ठेवली आणि परसात पळाले. पोट दुखेपर्यंत हसले. मोगरा लपला नसता, पण धुपाला कोण काय म्हणणार? माझ्या अर्धवट हिंदुस्थानीनं आत्याबाईंना असा वास मिळवून दिला होता, जो जगासमोर लावून हिंडता येत होता. मला तर आनंदानं काही सुचेना. कडुनिंबाला मिठी मारली मी.

पुढचा महिना आम्ही नुसत्या उंडारल्यासारख्या होतो. वैशाखात धारला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, आणि सोबत म्हणून सासूबाईंनी आत्याबाईंनाच पाठवलं. देवासहून इंदूर टांग्यानं, इंदूरहून महू आगगाडीनं, महूहून धार बैलगाडीनं. धूळ इतकी की भुवया पांढऱ्या झाल्या. पण ती धूळ कानामागच्या तेलाशी मिळाली की वास आणखी गोड व्हायचा, हा आत्याबाईंनी लावलेला शोध. "तुझ्या त्या गंधीला सांग, नुसती धूप नव्हे, धूळही दाखवायची असते," असं त्या म्हणाल्या, आणि गाडीवान मागे वळून पाहील इतकी मी हसले.

धारला त्यांची कीर्ती एका दिवसात पसरली. मंगलकार्यात विधवेला कोण पुढे येऊ देतं? त्या कोठीघरातच बसल्या होत्या. पण बायका एकेक करून आत येऊन पाया पडून जायच्या. एकीनं तर विचारलं, "जप किती करता हो रोज?" आत्याबाई म्हणाल्या, "मोजलेला सांगू नये." सगळं असं मजेत चाललं होतं. पण माझ्या काकू होत्या ना! काकूंचं नाक म्हणजे काय सांगू, पलीकडच्या गल्लीत कुणाची डाळ लागली ते या इथं ओटीवर बसून सांगायच्या. त्या आत्याबाईंजवळ बसल्या, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"हा धूप नव्हे," काकू म्हणाल्या. "हे तेल आहे."

"समईचं," आत्याबाई पटकन म्हणाल्या. "वाती करताना लागतं हाताला."

"आणि वाती कानामागे करता होय?"

आत्याबाईंनी आलवण पुढे ओढलं. काकू उठून गेल्या. परतीच्या वाटेवर महूच्या स्टेशनावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "टोंकखुर्दची विहीर फार खोल आहे. पाणी ओढून ओढून हाताची सालपटं निघतात."

आणि ज्येष्ठात काकूंचं पत्र आलं, ते सासूबाईंच्या नावावर. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. घरातली बायकांची पत्रं मीच वाचून दाखवायची. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या, म्हणाल्या, "वाच." मी उघडलं. सा. न. वि. वि. च्या खाली पहिलीच ओळ अशी होती, की तुमच्या घरच्या विधवा वन्सं कानामागे सुगंधी तेल लावून लग्नघरी बसतात, याचा बंदोबस्त व्हावा, नाही तर आम्हांला तुमच्या यजमानांना कळवावं लागेल. मी कागद तोंडासमोर धरला.

"वाच की!"

"लिहितात की... कैऱ्या," मी म्हटलं. "यंदा कैऱ्या फार उत्तम लागल्या. लोणचं घातलं. तिखट जरा कमी पडलं."

"बरं. पुढे?"

"पुढे... मुरंबाही घातला."

"पुढे?"

"साखरांबा."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "कागद दोन्ही बाजूंनी भरलाय. एवढ्या कैऱ्या?"

"धारला फार लागतात," मी म्हटलं. दाराआड आत्याबाई उभ्या होत्या, त्यांची सावली हलत नव्हती. सासूबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचला. मी तो बंबात घालायचा बेत केला होता, तोही गेला. आता त्यांनी तो सासऱ्यांना वाचायला दिला की संपलं.

सबंध पावसाळा मी त्या कनवटीकडे बघत काढला. सासरे जेवायला बसले की मी दाराआडून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजायची. आत्याबाईंनी कुपीला हात लावणं सोडलं. फळीवर तशीच होती ती, अर्धी. मी खुणेनं विचारलं तर मान हलवायच्या. त्या हसवायच्याही कमी झाल्या, आणि पोळ्या करपेनाशा झाल्या. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. काहीच झालं नाही. काहीच होत नव्हतं, याचीच धास्ती जास्त.

चैत्र आला तसा गंधी आला. सासूबाई उंबऱ्याशी बसल्या. मी दुभाषीपण सोडून दिलं होतं, मागे उभी होते. सासूबाईंनी स्वतःच पेटीतली मोगऱ्याच्या तेलाची कुपी बोटानं दाखवून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"सात दिवस धूप दाखव," म्हणाल्या.

मी आता शहाणी झाले होते. म्हटलं, "हो, गच्चीवर ठेवते, ऊन चांगलं लागतं तिथं."

"ऊन कशाला? मी धूप म्हटलं ना? मराठीत बोलतेय मी."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्या निर्विकारपणे म्हणाल्या, "वन्संना सांग, दवणा जास्त घाला. गेल्या खेपेला कमी होता."

सात दिवस टोपलीखाली धूर कोंडला. आत्याबाईंचा निखारा एकदाही चुकला नाही.

हळदीकुंकवाची दुपार. माजघर भरलेलं. सासूबाईंनी गुलाबाचं अत्तर माझ्या हाती दिलं, "तू लाव बाहेर," आणि आपण ती दुसरी कुपी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी कसली बाहेर थांबते! मागोमाग गेले. आत्याबाई डाळ वाटत होत्या. सासूबाईंनी कनवटीचा कागद काढला, माझ्यादेखत चुलीत टाकला आणि मला म्हणाल्या, "कैऱ्या म्हणे! मला अक्षर येत नाही गं, पण देवानं नाक दिलंय." मग कुपीचं बूच काढून आत्याबाईंकडे वळल्या.

"वन्सं, हात पुढे करा."

आत्याबाईंनी डाळीचे हात आलवणाला पुसले. पुसले, पुन्हा पुसले. मग उजव्या हाताची ओंजळ करून, खाली डावा हात धरून, तीर्थ घेतात तसा पुढे केला. अत्तराला हात पालथा धरतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंनी तो हात उलटा केला, आणि तेल लावलं.